क्लॅन म्हणजे लेकरे

मोबाइलवर लढाया खेळणारी आपली मुले हल्ली ‘आमचा क्लॅन’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे टोळी असते. तीही दुसऱ्या टोळीवर चालून जाणारी. इंग्रजीने हा शब्द असाच जगभर नेला. स्कॉटलंडच्या डोंगरमुलखातले सरदार, त्यांच्या तलवारी, पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे, सारे त्याला चिकटलेले. १७४६ साली कलोडनच्या रणात जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पाडाव झाला आणि पाठोपाठ सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने गेले. शब्दाचा दरारा मात्र उरला.

त्या डोंगरमुलखाच्या गेलिक भाषेत ‘क्लन’ म्हणजे नुसती लेकरे. क्लॅन डोनल्ड म्हणजे डोनल्डची लेकरे, इतकेच.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की हा शब्द मुळात गेलिकही नाही. लॅटिनमध्ये ‘प्लांटा’ म्हणजे कोंब, रोप. गेलिक निघाली आयरिशमधून, आणि आयरिश लोकांनी तो उचलला तेव्हा त्यांच्या भाषेत ‘प’ हा उच्चारच नव्हता. परक्या शब्दातल्या ‘प’च्या जागी ते ‘क’ म्हणत. ईस्टरचे ‘पास्का’ त्यांच्याकडे ‘काश्क’ झाले, तसे ‘प्लांटा’चे ‘क्लन’. वेल्श लोकांना ‘प’ची अडचण नव्हती. त्यांच्याकडे तोच शब्द ‘प्लांट’ राहिला आणि त्याचाही अर्थ मुले. वेल्समध्ये पाटीवर हा शब्द दिसला, की इंग्रजी वाचणाऱ्याला झाड आठवते. लिहिलेले असते मुलांविषयी. इंग्रजीतला रोपट्याचा ‘प्लांट’ही याच बीजाचा. म्हणजे क्लॅन आणि प्लांट ही सख्खी भावंडे, एकाच भाषेत नांदणारी आणि एकमेकांना न ओळखणारी.

आपल्याला हे नाते चटकन उमगावे. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबूही, पेरावर पेर चढत जाणारा. वंशवेल आपण आजही म्हणतो.

म्हणूनच रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान सांगायला कोणी हा शब्द वापरला, की वाईट वाटते. कुळाचे नाव सांगणारा हा शब्दच परमुलखातून आला. ज्यांनी त्याला घरात घेतले, त्यांनी त्याला आपल्या जिभेचे वळण लावले आणि आपल्या पोरांना तेच नाव दिले.

आयर्लंडमध्ये आजही एखाद्या बाईला ‘क्लन आहे का?’ असे आयरिशमध्ये विचारले, तर ती सरदाराचे नाव सांगत नाही. दोन मुली आणि एक मुलगा, असे काहीतरी सांगते.