आतड्यातल्या मीठप्रेमींची नोंद आपणच घ्यायला हवी

फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये माणसाच्या विष्ठेच्या नमुन्यातून ‘हॅलोफेरॅक्स मॅसिलिएन्सिस’ नावाचा सूक्ष्मजीव वाढवून दाखवला. याचे भाईबंद मृत समुद्रात आणि मिठागरांत सापडतात. समुद्राच्या पाण्यात मीठ असते साधारण साडेतीन टक्के. या जिवाला त्याहून कितीतरी पट खारट पाणी मानवते. माणसाच्या रक्तातले मीठ तर टक्काभरही नसते. मग हा पोटात काय करत होता? या प्रश्नाची सर्वाधिक निकड ज्या देशांना आहे त्यांत भारत वरच्या रांगेत आहे, आणि तरीही इथे या कामाला अजून हवा तसा जोर आलेला नाही.

निकड का, ते आपल्या ताटावरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढ भारतीयाच्या पोटात रोज सरासरी आठ ग्रॅम मीठ जात असल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिलेली मर्यादा आहे पाच ग्रॅमची. जास्तीच्या मिठाने रक्तदाब वाढतो, हे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. बर्लिनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्यात नवी भर घातली. उंदरांना खारट आहार दिल्यावर त्यांच्या आतड्यातले एका जातीचे लॅक्टोबॅसिलस जीवाणू घटले, आणि ते पुन्हा पोटात सोडले तेव्हा मिठाचे काही दुष्परिणाम सौम्य झाले. म्हणजे मिठाचा मार केवळ मूत्रपिंडांवर आणि रक्तवाहिन्यांवर बसत नाही, तो आतड्यातल्या वस्तीवरही बसतो. त्या वस्तीतल्या कोणाचे मिठाने नुकसान होते याचा थोडाफार शोध लागला आहे. मिठाने कोणाचे फावते, याचा शोध मात्र फारच कमी झाला आहे.

याचे एक कारण प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहे. नमुना पातळ करायला नेहमी वापरतात ते सलाइन ०.८५ टक्के मिठाचे. आपल्या पेशींना ते मानवते, पण अतिखारट पाण्यात राहणाऱ्या अनेक आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशी जीव; हॅलोफेरॅक्स त्यांतलाच) त्यात फुगून फुटतात. म्हणजे शोध सुरू होण्याआधीच, शोधायचा होता तो जीव संपलेला असतो. नुसता डीएनए तपासणाऱ्या चाचण्यांतही आर्किया निसटतात, कारण जीवाणूंसाठी बनवलेले प्राइमर, म्हणजे हवा तो डीएनए हेरणारे छोटे तुकडे, त्यांना पकडतीलच असे नाही. मार्सेयच्या गटाने मळलेली वाट सोडली. त्यांनी पोषक माध्यमात मुद्दाम भरपूर मीठ घातले आणि बशा दिवसांऐवजी आठवडे राखल्या. अशा बशीत पाणी उडत जाते, कडेला मिठाचे स्फटिक धरतात आणि मग कुठे टाचणीच्या टोकाएवढी वसाहत दिसू लागते. या चिकाटीतून नव्या जातींची रांगच लागली. सेनेगलमधल्या एका निरोगी पुरुषाच्या नमुन्यातून आलेला ‘व्हर्जिबॅसिलस सेनेगलेन्सिस’ हा त्यांपैकीच एक.

वसाहत हाती आली की तिचा जिनोम वाचता येतो. व्हर्जिबॅसिलसचा जिनोम सदतीस लाख अक्षरांच्या आसपास आहे, हॅलोफेरॅक्सचा चाळीस लाखांच्या. हा जीव नवा की ओळखीचा, हे त्यावरून ठरते. जवळच्या जातीशी सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेले, तर जात वेगळी मानतात. पण जिनोममध्ये याहून रोचक गोष्ट असते, ती मिठाशी जुळवून घेण्याची तऱ्हा. हॅलोफेरॅक्ससारख्या आर्किया पेशीतच पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवतात. इतक्या क्षारात साधी प्रथिने गोळा होऊन बसतील, म्हणून यांच्या प्रथिनांत आम्लधर्मी अमिनो आम्लांची रेलचेल असते, आणि ती जनुकांच्या अक्षरांतच वाचता येते. मीठप्रेमी जीवाणूंची रीत निराळी. ते मीठ बाहेर ठेवतात आणि आत एक्टोइनसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून पाणी धरून ठेवतात. एक्टोइन १९८५ मध्ये इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या खारट तळ्यांतल्या जीवाणूत सापडले. आज ते डोळ्यांच्या थेंबांत आणि नाकाच्या फवाऱ्यात वापरले जाते. ते बनवणाऱ्या तीन जनुकांची ओळख पटलेली आहे, त्यामुळे नव्या जिनोममध्ये ती आहेत की नाहीत, हे संगणकावर चटकन कळते.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. हे जीव आतड्यात घरचे म्हणून राहतात की जेवणाबरोबर आलेले पाहुणे असतात? मीठ लावून वाळवलेल्या माशावर कधी कधी गुलाबी डाग उमटतात. ते याच कुळातल्या आर्कियांचे असतात. मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या पाण्याच्या थेंबातही त्या तग धरतात. म्हणजे जिवंत मीठप्रेमी आपण अन्नातून गिळतो, यात शंका नाही. दक्षिण कोरियात सुमारे नऊशे जणांच्या नमुन्यांतल्या आर्किया तपासल्या, त्यांत मीठप्रेमींचा सुळसुळाट आढळला. खारवलेल्या, आंबवलेल्या पदार्थांची सवय असलेला तो देश. पण डीएनए सापडला म्हणजे जीव तिथे जगतो, वाढतो, असे म्हणता येत नाही. मार्सेयच्या गटाने खारट विष्ठा, मीठप्रेमी जीवाणू आणि लठ्ठपणा यांचा संबंध दिसल्याचे लिहिले. तो संबंधच आहे; कोणामुळे काय झाले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच्या आधारे कोणी मीठप्रेमी जीवाणूंना लठ्ठपणाचे कारण ठरवू लागले, तर तिथल्या तिथे थांबवायला हवे.

घरचे की पाहुणे, याचा निवाडा करण्याचा एक सरळ मार्ग आहे. एकाच माणसाच्या विष्ठेतला जीव, त्याच्या घरातल्या मिठातला, लोणच्यातला, सुक्या मासळीतला जीव, असे सगळे वाढवायचे आणि त्यांचे जिनोम शेजारी शेजारी ठेवायचे. अक्षरन् अक्षर जुळले, तर बहुधा पाहुणा. पण आतड्यातल्या प्रकाराने पित्ताला तोंड देणारी किंवा आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर पचवणारी जनुके जमवलेली असतील, तर त्याने तिथे बस्तान बसवले असे मानायला आधार मिळतो. जीवाणूचा जिनोम आज काही हजार रुपयांत वाचून होतो. महाग पडते ते जीव वाढवणे, जपणे आणि त्यासाठी माणसे घडवणे.

अशा कामाला पुण्याइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्यामागे मीठप्रेमी आर्किया असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. पुण्यातल्याच संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून ‘मेगास्फेरा इंडिका’ ही नवी जात वेगळी करून तिला भारताचे नाव दिले आहे. खारे पाणी आणि आतडे, दोन्हींचा अनुभव एकाच शहरात आहे. पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राचा मोठा संग्रह आहे. गोव्यातल्या मिठागरांतल्या आर्कियांवर गोवा विद्यापीठात वर्षानुवर्षे काम झाले आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सुकी मासळी खाणारी गावे आहेत, आणि तासाभराच्या वाटेवर ती क्वचितच खाणारी गावेही आहेत. तुलनेसाठी याहून चांगली मांडणी कुठे मिळणार? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि राज्य सरकारने यासाठी निदान पाच वर्षांचा पैसा एकदमच बांधून द्यावा. वर्षावर्षाच्या तुकड्यांत संग्रह उभा राहत नाही. कंत्राट संपून संशोधक निघून गेला की शीतपेटीतल्या नळ्यांना वाली उरत नाही.

कायद्याची अडचणही सोडवावी लागेल. नव्या जातीचे नाव अधिकृत व्हायचे, तर तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो आणि तो इतर संशोधकांना विनाअट मिळावा लागतो. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने जैवसंपत्ती परदेशी देण्यावर अंकुश ठेवला. हळदीच्या आणि बासमतीच्या पेटंटची लढाई पाहिलेल्या देशाने तो ठेवावा, हे योग्यच होते. पण या दोन नियमांच्या कात्रीत इथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची कामे अडतात. केवळ वर्गीकरणासाठी जाणाऱ्या नमुन्यांची परवानगी ठरावीक मुदतीत मिळायला हवी आणि व्यापारी वापरावरचा अंकुश मात्र कायम राहायला हवा. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

मार्सेयकडून घेण्यासारखा धडाही आहे. तिथल्या संस्थेच्या अनेक शोधनिबंधांवर नमुने घेताना नैतिक परवानगी नीट घेतली होती का, असे प्रश्न उठले आणि त्यांतले कित्येक मागे घेतले गेले. विष्ठेचा नमुना टाकाऊ वाटतो, म्हणून त्याला विचारपूस लागत नाही, हा समज घातक आहे. त्यातून आलेला जीवाणू उद्या औषधाचा कच्चा माल ठरू शकतो. म्हणून वसईच्या किंवा मालवणच्या कोळीणबाईकडे नमुना मागताना तिला तिच्या बोलीत सांगायला हवे की यातून काय शोधणार आहोत, जीव कुठे ठेवणार आहोत, त्याचे पैसे झाले तर त्यात तिच्या गावाचा वाटा किती असेल. तिची सही घेण्याआधी तिचे प्रश्न ऐकायला हवेत. आणि निकाल आल्यावर, तिच्या रक्तदाबाबद्दल त्यातून काही कळले असो वा नसो, ते तिला घरी जाऊन सांगण्याचा खर्चही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी मांडलेला असायला हवा.