लांबचं जमलं, जवळचं अडलं!



तुमचे आजोबा किंवा मामा नगर, राहुरी, पारनेर भागातल्या एखाद्या गावात राहत असतील, तर तो आवाज तुम्ही ऐकला असेल. आभाळ निरभ्र, ढगाचा पत्ता नाही, आणि एकदम 'धडाम्'! खिडक्यांची तावदानं थरथरतात. गावातलं कुणी मानसुद्धा वर करत नाही. "के. के. रेंजवर फायरिंग चाललंय," एवढंच म्हणतात.

के. के. म्हणजे खारे कर्जुने. या गावावरून लष्कराच्या सरावाच्या मैदानाला हे नाव पडलं. नगरला (आता अहिल्यानगर) रणगाडा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांचे रणगाडे इथे तोफा डागतात. (आणि हो, या भागात सापडलेला लोखंडाचा तुकडा कधीही उचलायचा नाही! न फुटलेले गोळे भंगार समजून हाताळताना माणसं दगावली आहेत.)

२२ सप्टेंबर २०२० ला इथे अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून नेहमीच्या गोळ्याऐवजी चक्क क्षेपणास्त्र सुटलं आणि ३ किलोमीटरवरच्या लक्ष्यावर नेमकं आदळलं. पुण्याच्या ए.आर.डी.ई. आणि एच.ई.एम.आर.एल. या दोन प्रयोगशाळांनी डेहराडूनच्या आय.आर.डी.ई.बरोबर ते तयार केलं.

गोळा आणि क्षेपणास्त्र यांत फरक काय? गोळा एकदा सुटला की सुटला. शत्रूचा रणगाडा तेवढ्यात बाजूला सरकला, तर गोळा काही वळून त्याच्या मागे जात नाही. हे क्षेपणास्त्र मात्र वळतं. लक्ष्यावर लेसरचा झोत टाकायचा. तो झोत तिथून परावर्तित होतो आणि क्षेपणास्त्राच्या नाकातला 'डोळा' त्याच्या रोखाने जातो.

पण नुसतं आदळून भागत नाही. आजकालच्या रणगाड्यांच्या अंगावर स्फोटकांच्या विटा बसवलेल्या असतात. काही आदळलं की वीटच बाहेरच्या बाजूला फुटते आणि हल्ल्याचा जोर मोडते. म्हणून या क्षेपणास्त्रात एकामागे एक असे दोन स्फोट ठेवले आहेत. पहिला विटेला फसवून फोडतो, दुसरा आतलं पोलाद भेदतो. आहे की नाही गंमत?

१ ऑक्टोबर २०२० ला आणखी लांबचं लक्ष्यही टिपलं. मग काय, झालं काम? छे! पुढची मोठी बातमी आली ती थेट २८ जून २०२२ ला. पावणेदोन वर्षं! आणि या वेळी परीक्षा होती जवळच्या लक्ष्याची.

तुम्ही म्हणाल, लांबचं जमलं तर जवळचं डाव्या हाताचा मळ. इथेच तर मेख आहे. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरच्या खेळाडूला उंच चेंडूखाली यायला वेळ मिळतो. स्लिपमधला? त्याला पापणी लवायचीसुद्धा सवड नसते. क्षेपणास्त्राचंही तसंच. नळीतून बाहेर पडायचं, मिटलेले पंख उघडायचे, लेसरचा ठिपका शोधायचा, मग वळायचं. लक्ष्य जवळ असलं, तर एवढं सगळं उरकायच्या आतच ते समोर येतं.

बरं, मोठे पंख लावावेत तर जागा कुठे आहे? अर्जुनच्या तोफेचं तोंड १२० मिलिमीटरचं. कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची पट्टी काढा आणि १२ वर बोट ठेवा. इंजिन, डोळा, पंख, दोन्ही स्फोटकं, सगळं एवढ्या रुंदीत कोंबायचं! शास्त्रज्ञांनीही हीच अडचण सांगितली होती.

"पण जवळच्यासाठी साधा गोळा आहेच की!" असं एखादा चौकस दोस्त म्हणेलच. शंका रास्त आहे. पण विचार करा, तोफेत क्षेपणास्त्र भरून ठेवलंय आणि टेकाडामागून शत्रू अचानक जवळच उगवला. आता ते बाहेर काढून गोळा भरत बसायचं?

अर्जुनच्या बाबतीत 'उशीर' हा शब्द तुमच्या आईबाबांनी पेपरात पुष्कळदा वाचला असेल. खुद्द या रणगाड्याला मंजुरी मिळाली १९७४ मध्ये आणि नियमित उत्पादनातले पहिले रणगाडे लष्कराच्या हाती पडले २००४ मध्ये. तीस वर्षं म्हणजे फारच झाली, त्यावर टीका झाली ती उगाच नाही. त्यातून मारायला आधी इस्राएलचं 'लाहाट' क्षेपणास्त्र आजमावून पाहिलं होतं, पण तेही मागे पडलं. मला विचाराल तर २०२० ते २०२२ मधला उशीर मात्र वेगळ्या जातीचा आहे. लांबचा नेम लागलाच होता, तेवढ्यावर पाठ थोपटून घेता आली असती. तसं न करता अवघड पेपर पुन्हा सोडवायला घेतला.

जूनच्या त्या चाचणीनंतर, कमीत कमी ते जास्तीत जास्त, सगळ्या पल्ल्यावर हे क्षेपणास्त्र चालतं असं जाहीर झालं. ४ ऑगस्ट २०२२ ला के. के. रेंजवर पुन्हा अर्जुन उभा राहिला. लक्ष्यं होती दोन वेगवेगळ्या अंतरांवर, आणि दोन्ही उडाली.