रॉटवायलर की जर्मन शेफर्ड? आधी साखळी कोण धरणार ते ठरवा



आमचा वाघ्या दिवाळीच्या आधी गेला. गावरान कुत्रं, अकरा वर्षं वस्ती राखली. तेव्हापासून घरात एकच वाद चाललाय. पोरगा म्हणतो रॉटवायलर आणू, मी म्हणतो जर्मन शेफर्ड. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेलीय, उसात बिबट्या आहेच, त्यामुळं दांडगं कुत्रं पाहिजे यावर दोघांचं एकमत. भांडण फक्त जातीवरून.

मागल्या महिन्यात पोरानं मित्राचा रॉटवायलर दोन दिवस वस्तीवर आणला. कुत्रं खरंच देखणं आणि शांत. नातू त्याच्या अंगावर लोळत होता, त्यानं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा गावात गेला होता आणि सौ. कुत्र्याला बांधावरनं फिरवत होत्या. तेवढ्यात ऊसतोडीवाल्यांची शेळी आडवी गेली. कुत्र्यानं एकच हिसका दिला. साखळी हाताला गुंडाळलेली, त्यामुळं सौ. सरीतनं फरफटत गेल्या. दोन्ही गुडघे सोलले, मनगट आठ दिवस सुजलेलं होतं. शेळी वाचली ती कोपीतल्या बाईनं वेळेवर ओढून घेतली म्हणून. तिच्या कडेवर लेकरू होतं.

कुत्र्याचा दोष मी धरत नाही. संध्याकाळी दोघांना कांद्याच्या काट्यावर उभं केलं. सौ. ४८ किलो, कुत्रं ५२ किलो. तिथंच माझं मत पक्कं झालं.

आता जातीचं बोलू. दोन्ही कुत्री मूळची जर्मनीची आणि दोन्ही जनावरांमागं राबणारी. रॉटवायलर हे रॉटवाइल गावच्या खाटकांचं कुत्रं. गुरं बाजारापर्यंत हाकायची आणि गाडी ओढायची, हे त्याचं काम. म्हणून छाती रुंद, मान जाड आणि ओढण्याची ताकद जबर. नर ५० किलोच्या आसपास, मादी ४० च्या पुढं. शेफर्ड मेंढपाळाचं. तिकडं पिकाला कुंपण नसायचं. मेंढरं चरायची आणि हे कुत्रं पिकाच्या कडेच्या तासावरनं दिवसभर येरझाऱ्या घालायचं, एक मेंढरू पिकात जाऊ द्यायचं नाही. म्हणजे बांध राखणं त्याच्या रक्तातच आहे. नर ३० ते ४० किलो, मादी २२ ते ३२.

शेफर्डमध्ये खोट नाही असं नाही. केस वर्षभर गळतात, भुंकतं जास्त, आणि पिल्लूपणी माणसांत वावरलं नाही तर भित्रं होतं. भित्रं कुत्रं लवकर चावतं. पाठ मागं फार उतरती असलेलं पिल्लू घेऊ नका. आणि खुब्याचं दुखणं दोन्ही जातींत आहे, त्यामुळं पिल्लाची आई चालताना बघा आणि आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा. दाखवायला नाही म्हणाला तर सरळ माघारी या. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. शहरातल्या बंगल्याला एक फाटक असतं. वस्तीला फाटक कुठं असतं? पहाटे दूधवाला येतो, मग वायरमन, मजूर बाया, ट्रॅक्टरवाला, शेजारची पोरं. हंगामात कोप्या पडतात, त्यात तान्ही लेकरं असतात. पोरगा चाकणला कंपनीत, येतो फक्त रविवारी. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस कुत्रं कुणाच्या हातात? सौ.च्या. मग कुत्रं पोराच्या छातीच्या मापानं घ्यायचं, का त्याच्या आईच्या मनगटाच्या?

रॉटवायलर वाईट नाही. घरात धडधाकट माणूस रोज हजर असेल, त्याला शिकवायला तासभर वेळ असेल आणि आवाराला पक्कं कुंपण असेल, तर जरूर पाळा. आमच्याकडं यातलं एकही नाही.

बिबट्याचंही सांगतो, कारण बरेच जण त्यासाठीच मोठं कुत्रं घेतात. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेलं कुत्रं बिबट्यासाठी तयार ताट आहे, मग जात कोणतीही असो. कुत्र्याचं काम भुंकून आपल्याला उठवायचं, लढायचं नाही. रात्री त्याला वरनंसुद्धा जाळी असलेल्या खोलीत ठेवा.

कायद्याचं थोडं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. पण जबाबदारी सुटली असं समजू नका. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दंड भरून मजुराच्या लेकराचा चेहरा परत येत नाही.

रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग बूस्टर, मग दरसाल. कुणाला चावलंच तर हळद-चुना लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तर आमचं ठरलं. शेफर्डची मादी आणायची. पोरगा अजून फुगलेला आहे, म्हणतो, "आबा, तुम्ही घाबरता." घाबरतोच. त्या दिवशी शेळी न येता कोपीतलं लेकरू आडवं आलं असतं तर काय, हे अजून रात्री आठवतं.

पिल्लू आणायच्या आधी जाळीची खोली बांधायला घेतलीय. तुम्हीही आधी खोली बांधा, मगच पिल्लू बघायला जा.