जपानची फुले आणि झाडू



भगिनींनो, मार्चच्या अखेरीस टोकियोत साकुराची झाडे बहरतात. आठवड्या-दोन आठवड्यांत पाकळ्या गळून जातात, म्हणून सुट्टीच्या दिवशी उएनो पार्कात पाय ठेवायला जागा नसते. झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून कुटुंबे घरचा डबा सोडतात. याला इथे ‘हानामी’ म्हणतात. आम्हीही चपाती-चटणी घेऊन जातो. उठताना जो तो आपला कचरा निवडून पिशवीत भरतो, ठरल्या जागी टाकतो, नाहीतर घरी नेतो.

ही सवय शाळेतच लागते. बहुतेक शाळांत मुलेच वर्ग झाडतात, फडक्याने फरशी पुसतात. झाडू पाळीने सगळ्यांच्याच हाती येतो.

पण जपान म्हणजे स्वर्ग समजू नका. कातडी कमावणे, जनावरे कापणे अशी कामे करणाऱ्यांना बुद्धाच्या या देशातही पिढ्यान्‌पिढ्या हीन लेखले. त्यांना ‘बुराकुमिन’ म्हणत. १८७१ च्या हुकुमाने कायद्यातला भेद गेला, पण लग्नात आणि नोकरीत तो उरला. तेव्हा ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभारली. पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले.

मुलांना हे दोन्ही सांगा. येत्या रविवारी त्यांना बागेत न्या. परतताना कचऱ्याची पिशवी मुलाच्या हाती द्या आणि घरी आल्यावर झाडूही. तो एकट्या मुलीच्याच वाट्याला का?