न बोलणाऱ्याचे गहू

माझ्या दुकानात सगळ्यांत जास्त कोण बोलत असेल, तर काउंटरवरचा तो यूपीआयचा डबा. "सहाशे पन्नास रुपये प्राप्त झाले," असं तो खणखणीत आवाजात सांगतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून हसतं, मी मान हलवते आणि व्यवहार पुरा होतो. कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीतल्या एका गल्लीत माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. २००९ च्या दसऱ्याला सुरू केलं तेव्हा हा डबा नव्हता. बोलायला मी एकटीच होते, आणि तिथंच पंचाईत होती.

"बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," मामांनी पूजेच्या दिवशीच ऐकवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. लग्नघरात पाहुण्यांपासून सुटका म्हणून आपण होऊन भांडी विसळायला बसणारी मुलगी मी. अशा मुलीनं चारचौघांत दुकान मांडावं, हे मलाही धाडसाचंच वाटत होतं.

पहिली दोन वर्षं मी नक्कल करण्यात घालवली. शेजारी कापडाचं दुकान होतं. तिथले काका रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसत्या "या ताई, बसा ताई"वर आत ओढायचे. मी ती वाक्यं पाठ केली. एक गृहस्थ मुलाच्या पदवीच्या प्रमाणपत्राला फ्रेम करायला आले, तर मी त्यांना एका दमात आठ प्रकारच्या पट्ट्या दाखवल्या, मुलाची चौकशी केली, पावसावरही बोलले. ते दाराकडे सरकत "नंतर येतो" म्हणाले आणि पुन्हा कधी आले नाहीत. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्यानं "कसा गेला दिवस?" विचारलं, तर त्याला उत्तर द्यायचंही त्राण नसायचं.

मला वाचवलं ते पाटीनं. पुणेरी पाटीला आपण खवचटपणा म्हणून हसतो. मला मात्र हल्ली वाटतं, ती बुजऱ्या दुकानदारानं शोधलेली सोय असावी. एकच गोष्ट दिवसातून वीस वेळा तोंडानं सांगण्यापेक्षा एकदा रंगवून टांगलेली बरी. मी लिहिलं, "फ्रेम ठरलेल्या दिवशी तयार असते. मध्ये विचारल्यानं ती लवकर होत नाही." मग प्रत्येक पट्टीच्या नमुन्यावर फुटाचा भाव चिकटवला. साधी काच आणि न चमकणारी काच शेजारी शेजारी लावून खाली दोन्हीचे दर लिहिले. घासाघीस निम्म्यावर आली. भाव लिहिलेला असला की माणूस मनातल्या मनात हिशेब करतो. त्यालाही बोलायचं नसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसरी सोय दुपारची. एक ते चार बंद, यावरून पुण्याची इतकी चेष्टा झाली की चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तर त्याची बातमी झाली. माझं दुकान अजून एक ते चार बंद असतं. पण शटरच्या आत मी झोपलेली नसते. पट्टी ४५ अंशांत कापायची, चारही कोपरे गुणियात बसवायचे, काच पुसून तिच्यावर एकही केस राहिलेला नाही हे उजेडात बघायचं, ही कामं बोलत बोलत होत नाहीत. त्या तीन तासांत हात चालतात आणि जीभ विसावते. चारनंतर येणाऱ्या माणसाशी मी नीट वागू शकते ती या तीन तासांच्या जिवावर.

आणि त्या माणसाला विचारायला माझ्याकडे आता एकच प्रश्न असतो, "कुठल्या भिंतीवर लावणार?" त्यात सगळं येतं. भिंतीवर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल, तर त्या दुपारच्या उन्हानं रंग उडणार. समोर खिडकी असेल, तर साध्या काचेत फोटोऐवजी खिडकीच दिसणार. भिंतीला ओल असेल, तर काचेला टेकलेला फोटो कालांतरानं काचेलाच चिकटणार, म्हणून मध्ये माउंट घालून जागा सोडायला हवी. प्रश्न विचारून मी गप्प राहते. मग माणूस भिंतीबद्दल सांगता सांगता घराबद्दल सांगतो. गेलेल्या आईचा फोटो घेऊन आलेल्या एका आजोबांनी अर्धा तास सांगितलं. मी फक्त ऐकलं आणि शेवटी म्हटलं, "देवघराशेजारी नको, तुमच्या खुर्चीसमोर लावा." त्यांच्या सोसायटीतून नंतर चार जण आले.

अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलचे अ‍ॅडम ग्रँट यांनी फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विक्री ना बडबड्यांची निघाली, ना अबोलांची. ती निघाली मधल्यांची, गरजेपुरतं बोलून ऐकून घेणाऱ्यांची. मला बडबडं होणं कधीच जमलं नसतं. पण अबोलाकडून मध्यापर्यंत चार पावलं चालणं जमण्यासारखं होतं.

इथवर सगळं गोड आहे. अबोल माणूस धंद्यात बुडतो तो विक्रीत नाही, वसुलीत. २०१३ मध्येच एका संस्थेनं बक्षीससमारंभासाठी ४२ फ्रेम करून घेतल्या. पैसे चौदा महिन्यांनी मिळाले, कारण मी चौदा महिने फोनच केला नाही. पैसे मागायचे म्हणजे उपकार मागायचे, असं मला वाटायचं. लाकूडवाल्याचं बिल मी या काळात बांगडी मोडून भागवलं आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. अबोलपणाची ही किंमत पाटी लावून टळत नाही.

कर्वे पुतळ्याच्या चौकातून मी रोज ये-जा करते. ज्यांचा तो पुतळा आहे ते धोंडो केशव कर्वे स्वभावानं अतिशय लाजरे होते. आपल्या 'आत्मवृत्ता'त त्यांनी हे लपवलेलं नाही. वक्तृत्व हा त्यांचा प्रांत नव्हता. तरी १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जमिनीवर १९०० मध्ये झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि पायी हिंगणं गाठायचं, हा त्यांचा क्रम होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. पुढे १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेशाच्या दौऱ्यावर निघाले, तेही विद्यापीठाची ओळख करून देत आणि निधी गोळा करत. आयुष्यभर पैसे मागत हिंडलेला हा माणूस मुळात चारचौघांत बोलायला बुजणारा होता, हे कळल्यावर मी पुतळ्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. त्यांना मागता आलं, कारण ते स्वतःसाठी मागत नव्हते. मग लक्षात आलं की मीही स्वतःसाठी मागत नाही. त्या पैशात लाकूडवाल्याचे पैसे आहेत, माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीचा पगार आहे.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी उधारीची वही उघडून बसते. फोनवर तीनच गोष्टी वाचून दाखवते: तारीख, बिल नंबर, रक्कम. मग गप्प बसते. ही शांतता मला सहज झेपते, समोरच्याला झेपत नाही. पाच सेकंदांत तोच म्हणतो, "गुरुवारी पाठवतो." उद्यम नोंदणी केल्यावर बिलाच्या तळाशी एक ओळ छापून घेतली, की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. ते व्याज मी आजवर कुणाकडून घेतलेलं नाही. पण ती ओळ माझ्या वतीनं बोलते.

तुमच्या घरात कुणी घुमं, लाजरं पोर धंदा करायचं म्हणत असेल, तर त्याला "आधी बोलायला शीक" म्हणून पिटाळू नका. त्याला भावाची पाटी रंगवायला मदत करा. उधारीचा पहिला फोन मात्र त्याचा त्यालाच करू द्या आणि तो करत असेल तेव्हा खोलीबाहेर थांबा.