आधी परवाना, मग किल्ली

दहावीचा निकाल लागताच पुण्यातील अनेक घरांत मुलांच्या हाती स्कूटरची किल्ली येते. महाविद्यालय आणि शिकवणी यांमधील धावपळ खरी. परंतु सोळाव्या वर्षी कायदा केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीची मुभा देतो. बाजारातील पेट्रोल स्कूटर बहुधा ११० वा १२५ सीसीची असते. तिच्यासाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या अपराधासाठी पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण प्रश्न दंडाचा नाही, संस्काराचा आहे. जो पिता स्वतः हेल्मेटविना सिग्नल मोडतो, त्याच्या उपदेशाला मोल कोणते? आधी परवाना, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट आणि मगच किल्ली, हा क्रम घराघरांत रुजला पाहिजे.