बियाण्याची वंशावळ आपणच वाचली पाहिजे



कर्जत स्टेशनावरून राजमाचीच्या डोंगराकडे निघालं की कोंडाणे लागतं. खाली उल्हास नदीचं खोरं, भाताची खाचरं, आणि वर कड्याच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरूनच धबधबा कोसळतो. एका बैठकीच्या निमित्ताने आम्ही चार-पाच जण तिकडे गेलो होतो. सगळे कोरडवाहू मुलखातले, कापूस-ज्वारीवाले. इतकं पाणी वाहून जाताना बघूनच आमचा जीव वरखाली होत होता.

लेणं म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं : पांडवांनी एका रात्रीत कोरलं. पण कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एक भंगलेली मूर्ती आहे आणि तिच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. तिचा अर्थ एवढाच की हे काम कान्हाचा शिष्य बालक याने केलं. ही ओळ दोन हजार वर्षं तिथेच होती. पण लिपीच विसरली गेली होती, म्हणून पुढच्या लोकांनी पांडवांची गोष्ट रचली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि मग अशा ओळी वाचता येऊ लागल्या. गोष्टीच्या जागी नोंद आली. कोण कोणाचा शिष्य, ते कळलं.

आज मला त्या लेण्याबद्दल लिहायचं नाही. आपल्या पऱ्हाटीत, ज्वारीत आणि बोंडातल्या अळीतसुद्धा अशीच एक लिपी आहे. ती आता वाचता येते. मात्र ती वाचणारे लोक वेगळे आणि त्याचा फटका सोसणारे आपण वेगळे, हे काही बरोबर नाही. एवढंच सांगण्यासाठी हा लेख.

सजीवांचे फेरफार

डीएनए हा शब्द आपण पेपरात वाचतो तो खुनाच्या तपासात नाही तर बाप कोण या भांडणात. प्रत्यक्षात तो प्रत्येक जिवाच्या प्रत्येक पेशीत असलेला लांबलचक धागा आहे. त्यावर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात : ए, टी, जी, सी. ज्वारीची सगळी अक्षरं शास्त्रज्ञांनी २००९ साली वाचून प्रसिद्ध केली. ती सुमारे ७३ कोटी भरली. पान किती रुंद, कणीस गोंडेदार की मोकळं, खोडात गोडी किती, याची मूळ आज्ञा या अक्षरांत असते.

पिढी बदलताना या मजकुराची नक्कल होते. नक्कल करताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या पिढीत तशीच उतरते. आता आपल्या तलाठ्याच्या दप्तराची आठवण करा. भावकी कधी फुटली, कोणाचा वाटा कुठून आला हे बघायचं तर आपण फेरफार काढतो. दोन सातबाऱ्यांवर एकच जुना फेरफार सापडला की ती दोन्ही घरं एका आजोबांची, हे सिद्ध होतं. डीएनएचं वाचन तसंच आहे. दोन जिवांत सारख्याच जागी सारखीच चूक असेल तर ती त्यांच्या समाईक पूर्वजाकडून आलेली असणार. चुकांचा फरक जितका जास्त, तितकी वाटणी जुनी. ऊस आणि ज्वारी जवळच्या भावकीतले आहेत. एक साखर कारखान्यात जातो, दुसरीची भाकरी होते. पण फेरफार काढला की दोघांचं घराणं फार लांब राहत नाही.

दिसतं तसं नसतं

एरवी आपण रूप बघून जात ठरवतो. रूप फसवतं.

आपल्या माळरानावर गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारा सरडा सगळ्यांनी पाहिला असेल. उन्हाळ्याच्या अखेरीस नर एखाद्या धोंड्यावर चढून तो पंखा उघडतो आणि मिटतो. शंभर वर्षांहून अधिक काळ असे बहुतेक सरडे एकाच जातीत मोजले जात. दीपक व्ही., वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे सरडे मोजले, त्यांचा डीएनए तपासला आणि २०१६ साली निकाल छापला. एक जात म्हणून जे चाललं होतं त्यातून पाच नव्या जाती निघाल्या आणि एक आख्खं नवं गोत्र मानावं लागलं. त्या गोत्राला शास्त्रात नाव दिलं ‘सरडा’. आपलाच मराठी शब्द आता जगभरच्या पुस्तकांत गेला. आपण ज्याला पडीक माळ म्हणतो त्यावर इतकं काही दडलेलं होतं.

उलटही घडतं. कोंडाण्याचा कडा ज्या सह्याद्रीचा, त्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला केरळात जांभळ्या रंगाचा एक बेडूक आहे. वर्षभर तो जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस बाहेर येतो. बिजू आणि बोसाइट या शास्त्रज्ञांनी २००३ साली त्याची नोंद केली. डीएनए वाचल्यावर त्याचे जवळचे नातेवाईक सापडले ते अरबी समुद्रापार, सेशेल्स बेटांवर. बेडूक समुद्र पोहून गेला नाही. भारत आणि ती बेटं कोट्यवधी वर्षांपूर्वी एकाच भूखंडाचा भाग होते. जमीन फाटली आणि भावकी दोन देशांत गेली.

अमेरिकन कापसाची आई

आता आपल्या घरचं बघू. आपण कापसाचे दोन भाग करतो : देशी आणि अमेरिकन. देशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनमध्ये बरोबर दुप्पट, ५२. ही दुप्पट आली कुठून?

उत्तर असं आहे की दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन कापसांचा संकर झाला, माणसाचा हात न लागता. एक होता आपल्या देशी कापसाच्या घराण्यातला. दुसरा अमेरिका खंडातला जंगली कापूस, ज्याचा नातेवाईक पेरू देशात आजही आढळतो आणि ज्याला सूत काढण्याजोगा धागाच येत नाही. दोन्हींची २६-२६ गुणसूत्रं एकत्र नांदली आणि ५२ चा कापूस झाला. पानातल्या हिरव्या कणांचाही थोडा वेगळा डीएनए असतो आणि कापसात तो आईकडूनच येतो. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या जोनाथन वेंडेल यांनी तो तपासून १९८९ साली दाखवलं की या संकरातली आई देशीच्या घराण्यातली होती. पुढे पेरूच्या कापसाचा डीएनए २०१२ साली, देशीचा २०१४ साली आणि अमेरिकनचा २०१५ साली पूर्ण वाचला गेला.

म्हणजे ज्या देशी कापसाला आपण गावंढळ म्हणून बांधावरून हाकललं, तो अमेरिकनच्या आजोळचा. हे ऐकून नुसती छाती फुगवण्यात अर्थ नाही. देशीचा धागा आखूड, बोंड लहान, भाव कमी, म्हणून आपण तो सोडला. त्यात मूर्खपणा नव्हता, हिशेब होता. पण हिशेबात एक रकम धरायची राहिली. देशी कापूस पानं मुरडणाऱ्या विषाणूला दाद देत नाही, रसशोषक किडींना बऱ्यापैकी तोंड देतो, पाण्याचा ताण सोसतो. हे गुण त्या अक्षरांत लिहिलेले आहेत. वाण गेला की मजकूर गेला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए २५५, पीए ४०२ यांसारखे लांब धाग्याचे देशी वाण काढले, ते मजकूर शिल्लक होता म्हणूनच. मोहोळच्या केंद्रावर मालदांडी ३५-१ ही ज्वारी निवडली गेली ती शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या मालदांडीतून. निवडायला आधी विविधता लागते. माझ्या आईने राखेत घोळून ठेवलेलं देशी सरकीचं गाडगं आमच्या घरात होतं. ते कधी रिकामं झालं हे मला आठवतसुद्धा नाही.

बोंडात घडलेली उत्क्रांती

उत्क्रांती म्हटलं की माकडाचा माणूस झाला एवढंच डोक्यात येतं. ती लाखो वर्षांपूर्वी संपलेली गोष्ट नव्हे. तुमच्या-माझ्या वावरात, आपल्या डोळ्यांसमोर ती घडली आहे.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुकांचं बीटी आलं. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीची फवारणी कमी झाली, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं. मग गुजरातच्या चार जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटीवर शेंदरी बोंडअळी तगली असल्याचं २०१० साली कंपनीनेच जाहीर केलं. पुढे दोन जनुकांनाही ती जुमानेना. आणि २०१७ च्या खरिपात आपल्याकडे काय झालं ते सांगायला नको. वरून हिरवीगार पऱ्हाटी आणि बोंड फोडलं की आत कवडी.

अळी शहाणी झाली का? अळीला विष पचवायची सवय झाली का? नाही. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटतं आणि मग आतडं फोडतं. लाखो अळ्यांत एखाद-दोन अशा असतातच की त्यांच्यात त्या प्रथिनाची अक्षरं बिघडलेली असतात. कुलूपच वेगळं, किल्ली लागणार कशी? बाकीच्या मेल्या, या उरल्या. यांचे पतंग आपसात जुळले आणि पुढची पिढी तशीच निघाली. २०१४ साली भारतातल्या अळ्यांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला. त्यात या एकाच जनुकाचे आठ वेगवेगळ्या तऱ्हेने मोडलेले नमुने मिळाले. म्हणजे बिघाड एकदा होऊन पसरला असं नाही, तो अनेकदा, अनेक वाटांनी झाला. दुसऱ्या विषाविरुद्ध अळीचं दुसरंच जनुक मोडलं होतं, हे २०१८ साली कळलं.

बिघडलेलं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तरच अळी पुरती तगते, एकाकडून आलं तर सहसा मरते. म्हणूनच बीटीच्या कडेला नॉन बीटीच्या ओळी लावायला सांगत होते. तिथे साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांच्या पतंगांशी तगलेल्या पतंगांची सोयरीक व्हावी, हा त्यातला हेतू. १२० ग्रॅमची ती पुडी कशासाठी, हे आम्हाला कोणी नीट समजावलं नाही. मी स्वतः ती बांधावर फेकली आहे, खोटं कशाला बोलू? वर पाणी असलेल्यांनी फरदड ठेवली आणि अळीला बारमाही चारा दिला. त्यात आपल्याकडे सगळं बीटी संकरित. संकरिताच्या बोंडात काही सरकी विषाची, काही बिनविषाची. अर्धवट मात्रा खाऊन अळीला तगायला आयती शाळा मिळाली.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी नॉन बीटीचं क्षेत्र नेमाने राखलं. २००६ पासून वांझ केलेले पतंग सोडले. २०१८ साली त्यांच्या सरकारने कापूसपट्ट्यातून शेंदरी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, विष तेच. फरक होता तो अळीची वंशावळ आधी वाचून वागण्यात.

मग आपण काय मागायचं, काय करायचं?

कोणी म्हणेल, भाव मिळत नाही तिथे डीएनए काय चाटायचा? भावाचा प्रश्न आहेच. पण पीकच कवडी झालं तर भाव कशाला मागणार?

म्हणून माझ्या मते पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरावात घ्याव्यात. पहिली, बोंडअळी कोणत्या विषाला तगली आहे याची डीएनए तपासणी दर हंगामात व्हावी आणि तिचा तालुकावार निकाल पेरणीच्या आधी, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. हे काम तिच्या आणि कृषी विद्यापीठांच्या आवाक्यातलं आहे. दुसरी, पाकिटावर लिहिलंय तेच बियाणं आत आहे का, याची डीएनए चाचणी शेतकऱ्याने मागितली तर झाली पाहिजे आणि निकाल त्याच्या हातात पडला पाहिजे. तिसरी, २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो आणि ब्रँडचं नाव न लावता बियाणं ठेवता, वाटता, विकताही येतं. आपल्या जिल्ह्यातले उरलेसुरले देशी कापूस आणि ज्वारी गोळा करून त्यांची नोंद करावी.

आणि हे मागण्याआधी आपलं आपण करायचं तेही आहे. फरदड बंद. नॉन बीटी बांधावर फेकायचं नाही. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची, कामगंध सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहायचे. आणि ज्याच्या घरी अजून देशी सरकी किंवा जुनी ज्वारी आहे, त्याने पुढच्या बैठकीला येताना मूठभर घेऊन यावी, सोबत चिठ्ठीवर गावाचं नाव आणि ते बी कोणाकडून आलं ते लिहून. कोंडाण्याच्या बालकाने आपल्या कामावर गुरूचं नाव लिहून ठेवलं होतं. आपल्या बियाण्यावर निदान तेवढं तरी लिहिलेलं असावं.